नर्सबाई होण्याची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारावीचा निकाल लागला की माझ्या घरचा फोन वाजायला लागतो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण सारी नोकरी नर्सिंगच्या शाळेत पाठ्यनिर्देशिका, म्हणजे आमच्या बोलण्यातली सिस्टर ट्यूटर, म्हणून गेली. त्यामुळे ओळखीपाळखीतून लोक नंबर मिळवतात. बोलणारे बहुधा मुलीचे वडील असतात, नाहीतर मामा. प्रश्न ठरलेला : "बाई, पोरीला नर्सिंगला घालायचंय. कुठं घालू?"

मी विचारते, "कुठल्या नर्सिंगला?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "आता नर्सिंग म्हणजे नर्सिंगच की, बाई."

इथंच सगळी गफलत आहे. दवाखान्यात पांढऱ्या किंवा निळ्या कपड्यांत जी दिसेल ती आपल्या दृष्टीनं 'सिस्टर'. पण त्या कपड्यांच्या आत चार वेगवेगळ्या प्रकारची शिक्षणं असू शकतात. त्यांतली तीन कायद्यानं नर्स म्हणून मान्य आहेत आणि चौथं नाही. हा फरक कळायला उशीर झाला तर त्याची किंमत मुलीच्या वयात मोजावी लागते. म्हणून आज आधी त्या चौथ्याबद्दलच बोलते.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगी बारावी कला शाखेतून पास झालेली, बोलायला चुणचुणीत. हातात प्लॅस्टिकमध्ये नीट मढवलेलं प्रमाणपत्र. त्यावर मोठ्या अक्षरांत 'नर्सिंग' हा शब्द होता, गोल शिक्का होता आणि सोनेरी कडा होती. एक वर्षाचा कोर्स. फीसाठी घरची म्हैस विकलेली. त्यानंतर तीन वर्षं ती एका छोट्या दवाखान्यात काम करत होती. सलाईन लावायची, इंजेक्शन द्यायची, बाळंतपणाला डॉक्टरांच्या शेजारी उभी राहायची. आणि मग जिल्हा परिषदेची जाहिरात निघाली. अर्जात एक रकाना होता : परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक. त्या रकान्यात लिहायला तिच्याकडे काहीही नव्हतं.

प्रमाणपत्र खोटं होतं का? तसं म्हणावं तर त्या संस्थेनं ते खरोखरच दिलेलं होतं. पण ती संस्था नर्सिंग शिकवायला मान्यता मिळालेली नव्हती. तीन वर्षांचा अनुभव आणि म्हशीचे पैसे, दोन्ही हिशेबातून गेले. मुलगी रडली नाही. वडील मात्र खाली मान घालून बसले होते. मला ते दृश्य अजून विसरता येत नाही.

तर पहिली गोष्ट नोंदणीची. आपल्याकडे महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ सालचा. त्याखाली मुंबईला महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे. मान्यताप्राप्त शाळेतून शिकून, परीक्षा पास होऊन मुलीचं नाव या परिषदेच्या नोंदवहीत चढलं की ती नर्स. नाव चढलं नाही तर ती कितीही हुशार असो, कितीही वर्षं काम केलेली असो, कागदावर ती नर्स नाही. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्यानं आली आणि अभ्यासक्रम तिनं ठरवले. तो जुना कायदा बदलण्यासाठी संसदेनं २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतीशास्त्र आयोगाचा कायदा केला. पण वरची रचना कशीही बदलो, पालकांनी विचारायचा प्रश्न तोच राहतो : हा कोर्स केल्यावर माझ्या मुलीचं नाव नोंदवहीत चढेल का?

हा प्रश्न संस्थेच्या ऑफिसात विचारा आणि उत्तर लेखी मागा. तोंडी उत्तर सगळेच देतात. परिषदांच्या संकेतस्थळांवर संस्थांच्या याद्या असतात. आपली शाळा, तिचा तो विशिष्ट कोर्स आणि ते वर्ष यादीत आहे का, ते पाहा. कारण एकाच इमारतीत एका कोर्सला मान्यता असते आणि शेजारच्या वर्गाला नसते, असंही मी पाहिलंय. विद्यार्थिनींचं प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होतं, तिथं खाटा किती, महिन्याला बाळंतपणं किती होतात, हेही विचारा. आणि जमलं तर दुपारच्या वेळी न सांगता जाऊन या. वर्गात मुली दिसल्या पाहिजेत. भिंतीवरची मोठमोठी चित्रं बघून परत येऊ नका.

आता चौथ्या प्रकाराबद्दल गैरसमज नको. 'जनरल ड्यूटी असिस्टंट' किंवा 'बेडसाइड असिस्टंट' म्हणून जे काही महिन्यांचे कोर्स कौशल्य विकासाच्या योजनांतून चालतात, ते आपल्या जागी चांगलेच आहेत. रुग्णाला उठवणं-बसवणं, अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं, चादर बदलणं हे शास्त्रशुद्ध शिकवतात. घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला अशी शिकलेली मुलगी मिळाली तर घरच्यांचं नशीबच. पण ती नर्सची मदतनीस असते. औषध देणं, शिरेतून सलाईन लावणं हे तिचं काम नव्हे. तक्रार आहे ती एवढीच की काही ठिकाणी हाच माल 'नर्सिंग' असं लेबल लावून विकला जातो.

आता खऱ्या वाटांकडे येऊ. सगळ्यात पहिली, सगळ्यात लहान आणि माझ्या मते सगळ्यात कमी समजून घेतलेली वाट म्हणजे एएनएम, ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. सरकारी मराठीत सहाय्यकारी प्रसाविका. गावात तिला नर्सबाई म्हणतात.

हा कोर्स १९५० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. डॉक्टर खेड्यात जात नव्हते आणि तीन-चार वर्षं शिकलेल्या नर्सेस शहरातल्या रुग्णालयांनाच पुरत नव्हत्या, तेव्हा गावात राहून बाळंतपण करणारी, लस टोचणारी, ताप-जुलाब ओळखणारी बाई हवी होती. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीनं सुचवलं की मलेरियाचा माणूस वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंब नियोजनाचा वेगळा असं न करता एकाच कार्यकर्त्यानं सगळं बघावं. तेव्हापासून एएनएम ही बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली. पूर्वी दहावीवर प्रवेश मिळे. तुमच्या ओळखीची एखादी जुनी सिस्टर सांगत असेल की मी मॅट्रिकवर लागले, तर ती खरंच सांगते. पण २०१२-१३ च्या सुधारित अभ्यासक्रमापासून बारावी लागते. शाखा कोणतीही चालते. कला शाखेच्या मुलीला नर्सिंगचं दार उघडं असतं, ते मुख्यतः या वाटेनं. वय कमीत कमी १७ आणि जास्तीत जास्त ३५. ही ३५ ची मर्यादा मी मुद्दाम सांगते, कारण लग्न होऊन, एक-दोन मुलं झाल्यावर पुन्हा शिकायला आलेल्या बायका मी वर्गात पाहिल्यात, आणि त्या बहुतेक पहिल्या पाचांत असायच्या.

कोर्स दोन वर्षांचा. त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. शरीराची रचना, पोषण, स्वच्छता, संसर्गजन्य रोग, लसीकरण, प्रथमोपचार, बालकांचं आरोग्य, प्रसूतिशास्त्र आणि उपकेंद्राचा कारभार असे विषय. पुस्तकात हे सगळं सोपं दिसतं. मुली घाबरतात त्या प्रसूतिकक्षात आणि, आश्चर्य वाटेल, रजिस्टर भरताना.

नर्सबाई नेमकं करते काय, हे लसीकरणाच्या एका दिवसावरून सांगते. सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, आदिवासी-डोंगराळ भागात तीन हजारांना एक. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसीचा डबा यायचा असतो. लस दोन ते आठ अंश तापमानातच राहिली पाहिजे. बर्फाचे पॅक डीप फ्रीजरमधून काढल्या काढल्या डब्यात भरायचे नाहीत. ते जरा पाझरू द्यायचे, हलवून पाहिल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मग भरायचे. का? कारण पेंटाव्हॅलंट किंवा टीडी यांसारखी लस गोठली तर वाया जाते. बाहेरून कुपी तशीच दिसते, टोचली तर जाते, पण मुलाला संरक्षण मिळत नाही. उन्हानं लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. थंडीनंही बिघडते, हे मुलींच्या डोक्यात बसवायला मला दर वर्षी आठवडा लागायचा.

मग अंगणवाडीत जाऊन बसायचं. आशाताईनं घरोघरी निरोप दिलेला असतो. दीड महिन्याचं बाळ, अडीच महिन्याचं, साडेतीन महिन्याचं, नऊ महिने पूर्ण झालेलं, प्रत्येकाचा डोस वेगळा आणि टोचायची जागाही ठरलेली. बीसीजी डाव्या दंडावर, गोवर-रुबेला उजव्या दंडावर, पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी पातळ केली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. त्यावर वेळ लिहायची. टोचून झाल्यावर आईला अर्धा तास थांबवायचं. आणि आई कधीच थांबायला तयार नसते, कारण रानात मजुरीला जायचं असतं. तिला गोड बोलून थांबवणं हेही शिक्षणच, पण त्याचा पेपर नसतो.

तेवढ्यात गरोदर बाया आलेल्या असतात. वजन, रक्तदाब, लघवीची तपासणी, हिमोग्लोबिन. अकराच्या खाली म्हणजे रक्तक्षय, सातच्या खाली म्हणजे गंभीर, ताबडतोब वर पाठवायचं. रक्तदाब १४० वर ९० दिसला की नर्सबाईचं लक्ष बाकी सगळ्यातून उडालं पाहिजे. गरोदरपणात १८० लोहाच्या गोळ्या द्यायच्या असतात. त्या दिल्या हे रजिस्टरमध्ये लिहिणं सोपं, पण बाईनं त्या घेतल्या का हे शोधून काढणं कठीण. एका विद्यार्थिनीनं मला शिकवलेली युक्ती सांगते. ती बाईला "गोळ्या घेतेस का?" असं विचारायचीच नाही. "शौचाला काळं होतंय का गं?" असं विचारायची. घेत असेल तीच हो म्हणते.

आणि एखाद्या रात्री झटके येणारी बाळंतीण दारात आली, तर मॅग्नेशियम सल्फेटचं पहिलं इंजेक्शन देऊन तिला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची मुभा प्रशिक्षित एएनएमला आहे. त्यासाठी कुशल प्रसूतीचं २१ दिवसांचं वेगळं प्रशिक्षण सेवेत आल्यावर देतात. दोन वर्षं शिकलेल्या मुलीच्या हातात केवढी जबाबदारी असते, ते यावरून लक्षात यावं. १६ जानेवारी २०२१ ला कोविडचं लसीकरण सुरू झालं आणि १७ जुलै २०२२ ला देशात दोनशे कोटी डोस पूर्ण झाले, तेव्हा आकडा सगळ्यांनी ऐकला. त्यातला खेड्यापाड्यातला फार मोठा वाटा याच नर्सबायांनी टोचलेला होता.

बरं, नोकरी? जिल्हा परिषदेत या पदाला आरोग्य परिचारिका, कंसात आरोग्य सेवक (महिला) म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा परिषदांची मोठी भरती निघाली, तिच्यात हे पद होतं. सातव्या वेतन आयोगात या पदाची श्रेणी २५,५०० पासून सुरू होणारी. पण वडील मंडळी इथं हिशेब करायला घेतात, तेव्हा मी त्यांना थांबवते. कारण त्याआधीची, मार्च २०१९ ची जाहिरात रखडत रखडत शेवटी रद्द झाली होती. मधल्या चार वर्षांत ज्या मुली पास झाल्या त्यांनी काय केलं? काही राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी लागल्या. काम तेच, उपकेंद्र तेच, शेजारी बसणारी कायम आणि ही कंत्राटी, पगारात मोठी तफावत. काही खासगी दवाखान्यात गेल्या. म्हणून कोर्स झाला की नोकरी ठेवलेलीच आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भरती निघते, पण तिच्या सवडीनं.

खासगीतल्या पगाराबद्दल मी मवाळ बोलू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिन्याला वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकंच द्यावं. ती शिफारसच राहिली. तालुक्याच्या ठिकाणी चौकशी करा, आकडा तुम्हालाच कळेल. बिननोंदणीची मुलगी स्वस्तात मिळते म्हणून नोंदणीवालीलाही कमी देतात. म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या सोनेरी कडेच्या प्रमाणपत्राचा फटका शिकलेल्या मुलींनाही बसतो.

आता पुढची शिडी. एएनएम झालेली मुलगी सेवेत राहिली, तर सेवाज्येष्ठतेनं आणि सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानं आरोग्य सहाय्यिका होऊ शकते. तिच्याकडे साधारण सहा उपकेंद्रांची देखरेख असते. दुसरा रस्ता जीएनएमचा, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी. हा पूर्वी साडेतीन वर्षांचा होता, २०१५-१६ पासून तीन वर्षांचा झाला. बारावीला चाळीस टक्के आणि इंग्रजी विषय लागतो, विज्ञान शाखेला पसंती. नोंदणीकृत एएनएमलाही या कोर्सला प्रवेशाची सोय आहे, आणि मुलगेही येऊ शकतात. जीएनएम झालेली मुलगी रुग्णालयात स्टाफ नर्स होते, सरकारी भाषेत अधिपरिचारिका. श्रेणी ३५,४०० पासून. तिच्यापुढे परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका म्हणजे मेट्रन. जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते, त्यानंतर एमएस्सी, आणि मग माझ्यासारखं शिकवायलाही येता येतं. अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, नवजात बालक, मनोरुग्ण अशा एकेका विषयाची वर्षाची पदविकाही आहे.

तिसरी वाट थेट बीएस्सी नर्सिंग. चार वर्षं, बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, आणि राज्याची सीईटी. परदेशी जायचं मनात असेल तर ही किंवा जीएनएमची वाट धरावी. एएनएमवर परदेशातली नर्सची नोकरी मिळत नाही, एजंट काहीही सांगो. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये 'व्होकेशनल नर्स' म्हणून साधारण वर्षभराच्या शिक्षणाची नर्स असते, ती आपल्या एएनएमसारखीच असेल असं काहींना वाटतं. पण तिला तिथली वेगळी परवाना परीक्षा द्यावी लागते आणि तिचं काम बहुतांशी रुग्णाच्या खाटेपाशी असतं. आपली एएनएम गावाची असते. दोन्हींची अदलाबदल होत नाही.

इथं एक साधी बेरीज करा. एएनएम दोन, जीएनएम तीन, पोस्ट बेसिक दोन, म्हणजे सात वर्षं. थेट गेलं तर चार. म्हणून मुलीला विज्ञानात बरे गुण असतील आणि घरची चार वर्षं थांबायची तयारी असेल, तर उगाच लहान कोर्सला घालू नका. उलट घरात लवकर पैसा यायला हवा असेल, मुलगी कला शाखेची असेल, गावात राहून काम करायची आवड असेल, तर एएनएमला दुय्यम समजू नका. मधे नोकरी करत शिडी चढलेल्या मुलींचा हात रुग्णाच्या अंगावर जास्त हलका असतो, असं माझं निरीक्षण आहे. ते सिद्ध मात्र करता येणार नाही.

ती सोनेरी प्रमाणपत्राची मुलगी बावीसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर येऊन बसली. तिला सलाईन लावता येत होती, पण हात कधी आणि कसे धुवायचे हे नव्यानं शिकावं लागलं. चुकीच्या सवयी मोडायला सहा महिने गेले. पास झाली, नोंदणी झाली, आता ती एका आदिवासी भागातल्या उपकेंद्रात आहे. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ते विसरू नको म्हणून मी तिला फोन करते, आणि ती दर वेळी आधीच करून बसलेली असते.

फोनवर शेवटचा प्रश्न बहुधा आईचा असतो. मागून हळूच विचारायला सांगतात : "रात्रपाळी असते का हो? पुढं लग्नाचं अडतं का?" पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी ससून रुग्णालयात बायकांना, त्यातही विधवांना, नर्सिंग शिकायला पाठवायचं ठरवलं, त्याला शंभरावर वर्षं झाली. तेव्हाही लोकांनी हेच विचारलं असणार. मी खरं तेच सांगते. रात्रपाळी असते. रुग्णालयात ठरलेली असते, आणि उपकेंद्रात न ठरलेली असते, दार वाजलं की असते. बदली होते. मुख्यालयी राहावं लागतं. लग्नाची बोलणी करताना हे सगळं मुलाकडच्यांना आधी सांगून टाका, नंतर कळायला नको. आणि प्रवेशाचा फॉर्म भरताना जातीचा दाखला, अधिवास, बारावीची गुणपत्रिका यांच्या चार-चार प्रती काढून ठेवा, मूळ प्रत कुठल्याही संस्थेत ठेवून घेऊ देऊ नका.